जगाच्या पार कोपऱ्यात

फ्रॉम्बोर्कला उतरलो तेव्हा बसमध्ये आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि माझी लेक. ग्दान्स्कहून आगगाडीनं एल्ब्लाँगपर्यंत आणि तिथून पुढे ही बस. फ्रॉम्बोर्कला येणाऱ्या प्रवासी गाड्या बंद होऊन बरीच वर्षं झाली, खाडीच्या काठानं रूळ तेवढे गवतात पडून आहेत. गाव दोन-अडीच हजार वस्तीचं. समोर टेकडी आणि टेकडीवर लाल विटांचं प्रचंड कॅथीड्रल. लहान पोराच्या डोक्यावर आजोबांचा फेटा ठेवावा तसं ते त्या गावावर बसलेलं दिसतं.

लेक नोकरीनिमित्त ग्दान्स्कला असते. मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं, "आई, काय काय बघायचंय ते सांग, म्हणजे तशी सुट्टी टाकते. क्राकोव? वॉर्सा?" मी म्हटलं, "ते सगळं तू म्हणशील तसं. पण कोपर्निकस जिथे राहायचा ते गाव मला बघायचंय." तिला वाटलं मला तोरुन् म्हणायचंय, कारण त्याचा जन्म तिथला, १४७३ चा. मी म्हटलं, जन्माचं नाही, कामाचं गाव. तो आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं जिथे राहिला आणि जिथे त्यानं पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारं ते पुस्तक लिहिलं, ते.

हातकणंगले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. पृथ्वीचं परिभ्रमण दरवर्षी यायचंच. एका हातात मोसंबं, टेबलावर मेणबत्ती, खिडक्या लावून घेतलेल्या. आणि दरवर्षी एखादं पोर विचारायचं, "बाई, पृथ्वी एवढी फिरते तर आपल्याला कळत कसं नाही?" मग मी रुकडी स्टेशनातल्या गाडीचं उदाहरण द्यायचे. आपण गाडीत बसलेलो असतो, शेजारची गाडी हलते आणि वाटतं आपलीच सुटली. कोपर्निकसनं स्वतः होडीचं उदाहरण दिलंय हे मला फार उशिरा कळलं. होडी बंदरातून निघते आणि होडीतल्या माणसाला वाटतं, किनारा आणि गावंच मागे मागे चाललीत. एका जुन्या लॅटिन कवीची ओळ घेऊन त्यानं हे सांगितलंय. फ्रॉम्बोर्कच्या टेकडीवरून खालचं बंदर दिसतं, होड्या जाता-येताना दिसतात. ते बघितल्यावर मला त्या उदाहरणाचं घर सापडल्यासारखं झालं.

कॅथीड्रलच्या तटातच सतराव्या शतकातला घंटेचा बुरूज आहे, राद्झियेयोव्स्की बुरूज म्हणतात त्याला. आम्ही आधी तिथेच शिरलो. आत फूकोचा लंबक टांगलेला आहे. वरच्या अंधारातून तार सरळ खाली येते, सुमारे २८ मीटर, आणि तिच्या टोकाला जड गोळा. इतका सावकाश झुलतो की पहिल्यांदा वाटतं आता थांबणारच. मी मनात आकडे मोजले, जाऊन परत यायला दहा-साडेदहा सेकंद लागतात. आवाज नाही. टोकाला गेला की क्षणभर अडतो, आणि वळतो.

फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं हा प्रयोग पॅरिसमध्ये १८५१ साली लोकांना दाखवला. लंबक एकदा ज्या रेषेत सोडला त्या रेषेत झुलत राहतो, त्याच्या खालची जमीनच हळूहळू वळत जाते. बघणाऱ्याला मात्र लंबकाची रेषा सरकताना दिसते. ध्रुवावर ती चोवीस तासांत पुरती फिरेल, विषुववृत्तावर अजिबात सरकणार नाही. फ्रॉम्बोर्क ५४ अक्षांशावर, म्हणजे इथे तासाला सुमारे १२ अंश आणि पुरं वर्तुळ साडेएकोणतीस तासांत. हे गणित मी घरूनच वहीत करून आणलं होतं. शेजारी कोल्हापूरचंही केलं होतं. तासाला चार अंशांहून थोडं जास्त, पुऱ्या फेरीला साडेतीन दिवस. मुलांना हे दाखवायला केवढा उंच मांडव लागला असता!

आम्ही गेलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. गोळा दाराकडून समोरच्या कोनाड्याकडे झुलत होता. मी लेकीला म्हटलं, "एक फोटो काढून ठेव."

जिने चढून वर गेलो. पायाशी गाव, पुढे करड्या रंगाची खाडी, तिच्यापलीकडे वाळूचा नि झाडीचा लांबलचक पट्टा आणि त्याच्यामागे बाल्टिक समुद्र. खाडीचं पाणी उथळ, लाट अशी नाहीच. वर ढग. कोपर्निकसनं या हवेबद्दल तक्रार लिहून ठेवलीय. बुध ग्रह क्षितिजाच्या जवळ असतो, आणि इथे व्हिस्तुला नदीची वाफ आणि धुकं आडवं येतं, म्हणून बुधासाठी त्यानं न्यूरेंबर्गच्या निरीक्षकांच्या नोंदी वापरल्या. दुर्बीण तेव्हा जगात कुठेच नव्हती. ती त्याच्यानंतर साठ-पासष्ट वर्षांनी आली. लाकडी पट्ट्या जोडून केलेलं त्रिकोणी यंत्र, असली दोन-तीन साधनं आणि उघडे डोळे. तटाच्या वायव्येच्या कोपऱ्यातला बुरूज त्यानं १५१४ मध्ये विकत घेतला होता. तो अजून त्याच्या नावानं दाखवतात. चौकोनी, जाड भिंतींचा, खिडक्या लहान. त्याच्या दारासमोर मी बराच वेळ उभी होते.

पुस्तकात कोपर्निकस म्हणजे एक दाढी नसलेला चेहरा आणि एक वाक्य. इथे येऊन तो माणूस झाला. तो इथे कॅनन होता. कॅनन म्हणजे देवस्थानच्या कारभारी मंडळातला सभासद म्हणा ना. बिशप असलेल्या मामानं त्याला लहानपणापासून वाढवलं, शिकवलं, क्राकोव आणि इटलीला पाठवलं आणि या मंडळात जागाही मिळवून दिली. जमिनी, खंड, हिशोब, तंटे ही त्याची रोजची कामं. १५१६ पासून काही वर्षं तो ऑल्श्टिनला राहून मंडळाच्या जमिनींचा कारभार बघत होता. पडीक पडलेली शेतं कुळांना लावून द्यायची, कोणाला किती जमीन, बरोबर घोडा दिला की बैल, गाय दिली की नाही, हे सगळं त्यानं आपल्या हातानं लिहून ठेवलंय. ती वही टिकून आहे. १५२० च्या जानेवारीत ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, फौजेनं फ्रॉम्बोर्क जाळलं, आणि पुढच्या वर्षी ते ऑल्श्टिनवर चालून आले तेव्हा किल्ल्याच्या बंदोबस्तात हाच माणूस होता. नाण्यातली चांदी कमी केली की खोटं नाणं खऱ्याला बाजारातून हाकलतं, असा निबंधही त्यानं लिहिला. शिवाय वैद्यक शिकलेला. आजारी लोक त्याच्याकडे यायचे. आणि रात्री, आभाळ मोकळं असेल तर, हे.

मुलांना मी कोपर्निकस शिकवला तो आकाशाकडे बघणारा. गाय दिली की बैल ते लिहून ठेवणारा शिकवला असता, तर आमच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी त्याला जास्त जवळचा मानला असता.

कॅथीड्रल १३२९ मध्ये बांधायला घेतलं आणि १३८८ मध्ये पुरं झालं. आत शिरलं की डोळे आपोआप वर जातात, छताच्या कमानी चांदण्यांच्या आकारात गुंफलेल्या आहेत. वेद्या पुष्कळ, सोनेरी काम पुष्कळ, सतराव्या शतकातल्या ऑर्गनचा भव्य देव्हारा. त्यातलं सगळं मी नीट पाहिलं असं म्हणणार नाही. मी सरळ उजव्या हाताच्या खांबांच्या ओळीकडे गेले, त्याच्या कबरीकडे.

ती कबर कुठे आहे हे साडेचारशे वर्षांहून जास्त काळ कुणाला नक्की माहीत नव्हतं. २४ मे १५४३ ला तो गेला, वय ७०. कॅननांना कॅथीड्रलच्या फरशीखाली पुरायची रीत होती, पण त्याच्या जागेवर नाव कोरलेलं नव्हतं. लोकांनी अनेकदा शोधलं, नेपोलियनच्या काळातही शोधलं. मग एका इतिहासकारानं जुनी चाल लक्षात घेतली. प्रत्येक कॅननकडे एकेक वेदी सांभाळायला असायची आणि त्याला तिच्याजवळच पुरत. कोपर्निकसची वेदी ठाऊक होती. २००५ मध्ये पुरातत्त्वज्ञ येझी गाँसोव्स्की यांच्या गटाला तिथे साठ-सत्तर वर्षांच्या पुरुषाची कवटी मिळाली. वॉर्साच्या पोलीस प्रयोगशाळेनं त्या कवटीवरून चेहरा तयार केला. मोडलेलं नाक, डाव्या डोळ्यावर व्रण.

तरी हाच तो, हे कशावरून? त्याला मूलबाळ नव्हतं, कुणाच्या रक्ताशी ताडून बघणार? उत्तर मिळालं स्वीडनमध्ये, उप्सालाला. सतराव्या शतकातल्या लढायांत स्वीडिश सैन्यानं इथली ग्रंथसंपदा लुटून नेली. त्यात एक जाडजूड पंचांग होतं, ग्रहणांचे तक्ते असलेलं, कोपर्निकस वर्षानुवर्षं वापरत असलेलं. त्याच्या पानांच्या शिवणीत काही केस अडकलेले सापडले. त्यांतल्या दोन केसांचा डीएनए कवटीतल्या दाताशी जुळला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या काळ्या दगडासमोर उभी असताना पुन्हा आलं. पुस्तकावर वाकून काम करणाऱ्या माणसाचा केस पानात पडतो. माझ्या हजेरीपटांत, माझ्या जुन्या शब्दकोशात असे किती असतील. जळलेल्या गावातून, लुटीच्या गाड्यांतून, समुद्रापार, साडेचारशे वर्षं ते केस त्याच्या पंचांगात राहिले आणि त्यांनी त्याला ओळखून काढलं. २२ मे २०१० ला त्याला पुन्हा इथेच समारंभानं पुरण्यात आलं. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी सूर्य आणि भोवती सहा ग्रह. त्याला ठाऊक होते तेवढेच सहा.

त्याच्या पुस्तकाला उशीर झाला तो भीतीनं. भीती शिक्षेची म्हणण्यापेक्षा लोक हसतील याची जास्त. पोपना लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत तो सांगतो की हे हस्तलिखित मी नऊ वर्षं नाही, आता नऊ-नऊ वर्षांची चौथी खेप चालू आहे, इतका काळ दडवून ठेवलं. आणि या फ्रॉम्बोर्कला तो म्हणतो, मी राहतो तो पृथ्वीचा पार कोपरा. मग १५३९ मध्ये विटेनबर्गहून एक पंचवीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक इथे येऊन थडकला, र्‍हेटिकस. तो लुथरपंथी होता, म्हणजे पोपना न मानणाऱ्या पंथाचा, आणि त्याच वेळी इथला बिशप लुथरपंथीयांना हद्दपार करायचे हुकूम काढत होता. तरी तो आला, राहिला, ६६ वर्षांच्या माणसाकडे बसून शिकला. आधी त्यानं स्वतः या विचाराची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका १५४० मध्ये ग्दान्स्कला छापली. मग मूळ हस्तलिखिताची नक्कल न्यूरेंबर्गच्या छापखान्यात पोचवली. तो आला नसता तर ते हस्तलिखित बहुधा त्या पंचांगाबरोबरच लुटीच्या गाडीत गेलं असतं.

आणि अर्पणपत्रिकेत कोपर्निकसनं ज्यांचे आभार मानले त्यांत कार्डिनल आहेत, मित्र असलेला बिशप आहे, पण र्‍हेटिकसचं नाव नाही. पोपना लिहिताना लुथरपंथीयाचं नाव घेणं अवघड होतं हे कळतं. पण बाई म्हणून मला ते लागतं. तीन दशकं कुणी विद्यार्थी नसलेल्या माणसाला म्हातारपणी एक विद्यार्थी मिळाला, त्यानं त्याचं सगळं काम उजेडात आणलं, आणि नेमकं त्याचंच नाव राहून गेलं. फ्रॉम्बोर्कला गेलात तर एकदा र्‍हेटिकसची आठवण काढा.

दुपारी टेकडी उतरून आलो. गावातलं जुन्या काळचं इस्पितळ पाहिलं. त्याच्या चॅपलच्या भिंतीवर अखेरच्या निवाड्याचं जुनं चित्र आहे आणि मागे औषधी वनस्पतींची बाग. खालचा पाण्याचा बुरूज कोपर्निकसनं बांधला असं गावात सांगतात, पण तो त्याच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झाला. एवढं पाहून मी खाली बसले, कारण मला आता गावच बघायचं होतं. आणि गाव बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. सहाशे वर्षांच्या कॅथीड्रलखाली घरं मात्र साधी, सरळ, सत्तरच्या दशकातल्या कॉलनीसारखी. मधे मधे मोकळी गवताळ जागा.

टेकडीच्या पायथ्याशी एक बाई अंबरचे मणी आणि पोस्टकार्डं घेऊन बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. लेकीनं त्यांना पोलिशमध्ये विचारलं, इथली जुनी घरं कुठे गेली? त्यांनी हातानं सपाट असं करून दाखवलं. १९४५ च्या फेब्रुवारीत गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. तेव्हा हे जर्मन गाव होतं, फ्राउएनबुर्ग. त्या थंडीत पूर्व प्रशियातली लाखो माणसं रशियन फौजेच्या पुढे पळत सुटली आणि कितीतरी जण गाड्या-घोड्यांसकट या गोठलेल्या खाडीवरून पलीकडच्या वाळूच्या पट्ट्याकडे गेले. बर्फ फुटून कित्येक बुडाले. त्यांच्या नावानं इथे एक दगड आहे. लढाई संपली, हद्द बदलली, उरलेले जर्मन गेले, आणि पडक्या घरांत दुसरीकडून उखडलेली माणसं आणून बसवली. कुणी पूर्वेकडून आलेले पोलिश, कुणी १९४७ मध्ये सक्तीनं हलवलेले युक्रेनियन.

"आणि तुम्ही?" लेकीनं विचारलं.

त्या हसल्या. त्या वुच शहरातल्या. चौदा वर्षांच्या असताना स्काउटबरोबर इथे आल्या होत्या. १९७३ मध्ये कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षं होणार होती आणि गाव अजून ढिगाऱ्यातच होतं. तेव्हा पोलंडच्या स्काउट संघटनेनं गाव उभं करायचं अंगावर घेतलं, 'ऑपरेशन १००१ फ्रॉम्बोर्क'. १९६६ पासून सात वर्षं दर उन्हाळ्यात देशभरातून हजारो मुलं-मुली येत होत्या. तंबूत राहायचं, राडारोडा उपसायचा, रस्ते करायचे, झाडं लावायची.

"तुमचं काम काय होतं?"

त्यांनी टेबलावरची एक चपटी पेटी हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं तिच्यावर ठोकल्यासारखं केलं. विटा साफ करायचं. पडक्या भिंतींतल्या जुन्या विटांचा चुना छोट्या हातोडीनं काढायचा आणि वीट दुसऱ्या ढिगावर रचायची. दिवसभर तेच. संध्याकाळी बोटं उघडायची नाहीत, म्हणाल्या. पुढे याच गावातल्या मुलाशी लग्न झालं. सासूबाई पूर्वेकडच्या विल्नो शहराकडून उठून आलेल्या. त्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या की हे घर कुणा दुसऱ्याचं आहे, आपण नीट झाडून ठेवायचं.

त्यांनी विचारलं, तुम्ही भारतात कुठल्या? आणि मला वळिवडे सांगावंसं वाटलं. कोल्हापूरपासून जवळच. १९४३ पासून १९४८ पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये रशियनांनी पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली. माझ्या वडिलांनी लहानपणी त्यांना कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेताना पाहिलं होतं. त्यातल्या काहींच्या कबरी अजून कोल्हापुरात आहेत. ते गेले, आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज त्याला गांधीनगर म्हणतात. आम्ही कापड आणायला जातो.

लेक सांगत होती आणि त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मधेच त्यांनी तिला थांबवलं, एक पोस्टकार्ड उलटं केलं आणि पेन पुढे केलं. गावाचं नाव लिहून दे, म्हणाल्या. लेकीनं पोलिश अक्षरांत लिहिलं, खाली मी देवनागरीत लिहिलं, वळिवडे. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पैशाच्या पेटीत ठेवलं. मणी मी घेतले, त्यांनी पोस्टकार्डाचे पैसे काही घेतले नाहीत.

कोपर्निकस जर्मन की पोलिश, यावर लोक अजून भांडतात. तो लॅटिनमध्ये लिहायचा, जर्मन बोलायचा, आणि पोलंडच्या राजाची प्रजा होता. पण त्याच्या गावातल्या त्या वेळच्या माणसांचे वंशज आज इथे जवळपास कुणी नाहीत. त्याची कबर शोधणारे, त्याचा बुरूज राखणारे, त्याच्यासाठी विटा घासणारे सगळे बाहेरून आलेले. मी ज्या गोष्टीला इतकी वर्षं 'ऐतिहासिक स्थळ' म्हणून फळ्यावर लिहीत आले, ती त्या बाईंच्या बोटांत होती.

बंदरावर खाडीतला तळलेला मासा खाल्ला, ऊन थोडं आलं आणि गेलं. मग मी लेकीला म्हटलं, बसच्या आधी बुरुजात पुन्हा जायचंय. ती म्हणाली, "आई, पुन्हा चढायचं?" चढायचं नाही, नुसतं आत. तिनं जाऊन तिकीट काढलं.

पावणेचार वाजले होते. साडेचार तास झालेले. दाराकडून कोनाड्याकडे जाणारा गोळा आता दारापासून पार दूर, जिन्याच्या पायथ्याकडून येत होता आणि पलीकडच्या भिंतीकडे जात होता, तेवढ्याच सावकाश. दार जागच्या जागी होतं, कोनाडाही. लेकीनं सकाळचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी धरले. मी बोटांनी कोन करून बघितला, पंचावन्न अंशांच्या आसपास भरत होता. बसला वीस मिनिटं होती. तेवढा वेळ आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो.